जिताड्याच्या पोटात माझाच मासा

दुपारपासून डोकं सुन्न आहे, म्हणून इथे लिहितोय.

गळाला लावायचे मऊ प्लास्टिकचे मासे मी घरीच बनवतो. प्लास्टिक वितळवायचं, गणपतीच्या मखराची उरलेली चमकी टाकायची, साच्यात ओतायचं. कोलशेतच्या खाडीत त्यातले कितीतरी दोरी तुटून गेलेत.

आज कळव्याच्या बाजारातून जिताडा आणला. आई विळीवर साफ करत होती. म्हणाली, "अरे, हे काय बघ."

पोटात माझाच मासा होता. माझ्या साच्यातली वाकडी शेपटी, तीच चमकी. फुगून दुप्पट झालेला. बाकी पोट रिकामं.

आईने विचारलं, "बाकीचे कुठे असतील रे?"

काल ओतलेले नवे मासे समोर डब्यात पडलेत. माझ्या जागी तुम्ही असता तर हे गळाला लावून पाण्यात टाकले असते का?