ओझ्याखालची उंची

रेल्वेच्या कारखान्यात वर्षातून एकदा घरच्या माणसांना आत सोडतात. काल मी गेले. डब्याखालच्या स्प्रिंगा तपासणं हे ह्यांचं काम. दोन स्प्रिंगा शेजारी उभ्या होत्या, अगदी सारख्या. मी हळूच म्हटलं, "जोडी छान आहे."

हे हसले. "अगं, मोकळ्या असताना सगळ्याच सारख्या दिसतात."

यंत्राने दोन्हींवर भार दिला, तर एक जास्त दबली. ह्यांनी दोघींना वेगळे रंग लावले. एका डब्याखाली घातल्या तर डबा एका अंगाला कलतो म्हणे.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. रविवारी आमच्या लेकीच्या, सुमनच्या स्थळाला होकार कळवायचा आहे. बघण्याच्या दिवशी ती आणि मुलगा शेजारी बसली तेव्हा मीच म्हणाले होते, जोडा छान दिसतो. पण तेव्हा दोघंही मोकळीच होती, नुसता चहा पीत होती. माणसांवर आधी भार ठेवून कसं बघायचं? आमच्या दोघांत जास्त कोण दबलं, हेही मला सांगता येत नाही.

आज सुमनने विचारलं, "आई, हो म्हणू ना गं?"

मी म्हटलं, "त्याला विचार, त्याची आई आजारी पडली की घरात स्वयंपाक कोण करतं."

मी बरोबर बोलले का, कोण जाणे.