फुलांच्या माळेत बांधलेले हात

गयेच्या अक्षयवटाखाली बलगोविंद पंडाने आयुष्यभर एकच शब्द वाटला होता: सुफल. सगळे पिंड देऊन झाले की यजमान वडाखाली येतो, आपलं आवडतं एखादं फळ जन्मभरासाठी सोडतो. पंडा त्याचे हात फुलांच्या माळेने बांधतो आणि पाठीवर थाप मारून म्हणतो, "सुफल! पोचलं तुझं माणूस." मग माळ सुटते. तोवर उठायचं नाही. भलेभले अधिकारी हात बांधून मुकाट बसलेले असत, आणि बलगोविंदला मनातून गंमत वाटे. शब्द देताना त्याचं लक्ष पुढच्या यजमानाकडे, नाहीतर घरच्या जेवणाकडे. त्यात काही चुकतंय असं त्याला कधी वाटलं नाही. पितर पोचतात, हे त्याला सूर्य उगवतो तितकंच ठाऊक होतं. हा विश्वास बापाच्या गादीबरोबर आयता मिळालेला. श्रद्धेवाचून त्याचं कधी अडलंच नव्हतं.

माघात त्याचा एकुलता एक मुलगा मुरारी बोधगयेच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला. अकाली मरण, म्हणून बलगोविंद प्रेतशिळेची चढण चढला, वाऱ्यावर सत्तूचं पीठ उधळलं आणि शेवटी वडाखाली यजमानाच्या जागी बसला. हात बांधले छोटनने, चुलतभावाने. थाप पडली. "सुफल, भैया!" बलगोविंदने मान वर केली, तर छोटनची नजर फाटकातून शिरणाऱ्या बंगाली यजमानांच्या जथ्यावर. ती नजर बलगोविंदच्या चांगलीच ओळखीची होती.

तेव्हापासून तो घरीच बसला. बायको सुभद्रा एकदा तडकून म्हणाली, "जन्मभर परक्यांना पोटभर सुफल वाढलंत. पोराची पाळी आली तर हात आखडला होय?"

"छोटनने दिलं ना सुफल."

"मग सकाळ-संध्याकाळ दाराशी कोणाची वाट बघता?"



पितृपक्ष लागला तसा छोटन त्याला ओढायला आला. "भैया, यजमान तुझं नाव घेऊन येतायत. शब्दच तर द्यायचाय, डोंगर नाही उचलायचा."

"तेवढंच होत नाही रे," बलगोविंद म्हणाला, पण गेला.

पहिलीच आली ती आरा भागातली फुलपती. नवरा सुरतेला कारखान्यात गेला आणि तिकडेच वारला. प्रेतही घरी आलं नाही. तिने पेरू सोडला. बलगोविंदने माळ बांधली, हात उचलला, आणि शब्द आलाच नाही. तो अडखळला, खाकरला. मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. बाई पार घाबरली.

"पंडाजी, माझं काही चुकलं का? पेरू कमी पडत असेल तर आंबाही सोडते. जिलेबीसुद्धा सोडते! पण त्यांना असं मधेच अडकवू नका हो."

बलगोविंदला गलबलून आलं. "काही सोडू नका, माई," तो कसाबसा म्हणाला, आणि हात तिच्या पाठीवर टेकला. "सुफल."

बाई रडता रडता हसली. माळ सोडताना त्याच्याच्याने राहवेना. "माई, मालक पोचले हे तुम्हाला कशावरून कळलं?"

"हे काय विचारणं झालं? आत्ता तुम्हीच म्हणालात की!" तिने पदराने तोंड पुसलं. "या झाडाखाली बसून तुम्ही खोटं कशाला बोलाल?" त्याच्या पाया पडून ती झपाझप निघून गेली.

माळ त्याच्या हातातच राहिली. तिच्यासारखं कोणाच्या शब्दावर आपल्याला का उठता येत नाही? त्याचं त्यालाच समजेना. त्याने माळ हळूच स्वतःच्या मनगटांभोवती गुंडाळली, ओठ हलवून बघितले. आवाज फुटला नाही.

"भैया, पुढचे खोळंबलेत!" छोटन ओरडला.

बलगोविंदने माळ काढली आणि पुढच्याचे हात बांधले. त्याला सुफल दिलं, त्याच्यामागच्यालाही दिलं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांची माणसं पोचली. मुरारी तेवढा राहिला होता.