शिबिराला न बोलावलेल्यांची दौंड सहल

गड झाले, धबधबे झाले, कोकण तर तीनदा झालं, की मग ब्लॉग लिहिणारा माणूस नातेवाइकांकडे वळतो. ही सहल एका फोनवर ठरली. हौसाआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, शिरूर तालुक्यात भीमेच्या काठावर राहते. गावाचं नाव सांगत नाही, तिला तिथंच नांदायचंय. मामा, म्हणजे तिचे यजमान, जाऊन बावीस वर्षं झाली, मुलगा सुनील शेती बघतो. फोनवर आधी ऊसतोड, मग म्हैस, मग सुनेचं सगळं सांगून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "मनू, पाळी जाऊन सात-आठ वर्सं झाली माझी. आन् आता परत डाग पडाय लागल्यात. कुणाला बोलू नगं."

मी लगेच नेटवर वाचलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर असू शकतो, ताबडतोब दाखवा, असं तिथं होतं. आत्या म्हणाली, तालुक्याला जायला सुनीलला कारण सांगावं लागेल, ते तिला जमणार नाही. त्याच आठवड्यात सुनीलनंच घरच्या ग्रुपवर एक कार्ड टाकलं: "शासनाच्या वतीने गावातील समस्त सुवासिनींसाठी भव्य मोफत कर्करोग तपासणी शिबिर व हळदी-कुंकू समारंभ." वर नऊ पुरुषांचे फोटो, कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढ्या महिला सरपंच. सरकार स्वतः आत्याच्या दारात येतंय म्हटल्यावर मी दोन दिवसांची रजा टाकली.

जाणाऱ्यांसाठी पहिली सूचना. शिक्रापूरचा चौक सकाळी आठच्या आत गाठा, नाहीतर तिथंच भाड्यानं खोली बघा. मी अडकले तेव्हा शेजारच्या ट्रेलरवाल्यानं रिक्षावाल्याला विचारलं, "भैया, ये रास्ता कब खुलेगा?" रिक्षावाला शांतपणे म्हणाला, "खुल्लाच हाय की. गाड्या जास्त झाल्यात." हे उत्तर लक्षात ठेवा, पुढं सरकारी आवाजात पुन्हा ऐकायचं आहे. न्हावऱ्याला मिसळ चांगली मिळते, तर्री मागून घ्यावी लागते. तिथून पुढं उसाच्या ट्रॉल्या. ओव्हरटेक करायच्या फंदात पडू नका.

आत्याकडे बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची चटणी झाली. तिनं ठेवणीतली निळी साडी नेसली, पिशवीत आधार कार्ड आहे का ते दोनदा बघितलं. घाबरली होती. मी म्हटलं, "आत्या, डॉक्टर फक्त बघणार आहेत."

"बघू देत की. माझं काय चोरून ठिवल्यालं हाय?" असं म्हणत तिनं पदर तीनदा नीट केला.

शाळेच्या मैदानात मंडप होता. फाटकावर दोन नटलेल्या मुली प्रत्येक बाईला हळदी-कुंकू लावत होत्या, मग तिळगूळ, मग टोकन. टोकन दाखवलं की आत तपासणी आणि बाहेर पडताना वाण म्हणून स्टीलचा डबा. पद्धत अगदी चोख होती. आत्याचा नंबर आला तेव्हा मुलीचं बोट कुंकवाच्या करंड्यात बुडालं आणि तिथंच थांबलं. मुलींच्या मागं उभ्या असलेल्या बाईनं हलकेच सांगितलं, "मावशी, तुम्ही गर्दी वसरल्यावर या ना, मागच्या बाजूनं."

आत्या वळली आणि चालायला लागली. चिंचेखाली आत्याची मैत्रीण शालनताई उभी होती. शालनताई बौद्ध वस्तीवरची, दोघी एकाच मळ्यात खुरपायला जातात. ती म्हणाली, "आमच्यात हळदी-कुंकू न्हाईच करीत. म्हटलं नुसतं तपासून मिळतंय का बघावं. न्हाई मिळत."

माझं डोकं सटकलं. नवरा असलेल्या बाईलाच कॅन्सर होतो, असं सरकारला कुणी कळवलं होतं? मी एकटी आत घुसले. माझ्या कपाळावर हक्काचं कुंकू होतं, त्यामुळे टोकन लगेच मिळालं.

आतलं दृश्य सांगते, कारण प्रेक्षणीय होतं. स्टेजवर मधली खुर्ची रिकामी, तिच्यावर गुलाबी टर्किश टॉवेल. ती वरून येणाऱ्या साहेबांची. साहेब आलेच नाहीत, पण सत्काराचा नारळ खुर्चीला मिळाला. माइक आप्पांकडे होता. आप्पा म्हणजे सरपंचबाईंचे यजमान, गाव त्यांनाच सरपंच म्हणतं. त्यांनी बराच वेळ भाषण केलं, पण रोगाचं नाव त्यांच्या तोंडून निघेना. "महिलांचा जो तो आजार आहे, त्या आजाराला न घाबरता त्याला सामोरं जायचं," असं म्हणून त्यांनी घाम पुसला. मग तरुण डॉक्टरांनी सांगितलं की चौदा वर्षांच्या मुलींना या कॅन्सरची लस सरकार फुकट देणार आहे. तेवढ्यात माइक कुरकुरला आणि संगीतखुर्ची सुरू झाली.

तपासणी म्हणजे बीपी, साखर आणि टॉर्च मारून तोंड. पडद्याआड तपासायचं टेबल होतं, त्यावर वाणाचे डबे छतापर्यंत रचलेले. मी डॉक्टरांना विचारलं, "गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी कुठंय?"

"आज जनजागृती आहे, मॅडम. ती तपासणी दुसऱ्या टप्प्यात."

"आणि विधवा बायका कितव्या टप्प्यात?"

ते खाली बघून म्हणाले, निमंत्रण ग्रामपंचायतीनं काढलं. आप्पांना विचारलं, तर ते म्हणाले, "ताई, शिबिर शासनाचं हाय, आम्ही निस्ता मंडप दिला. बायका नुसत्या तपासाय येत न्हाईत, म्हणून हळदी-कुंकू ठिवलं. शिबिर सगळ्यांना खुल्लंच हाय की." रिक्षावाला आठवला. शासन म्हणजे कोण, तर तालुका. तालुक्याला कोण सांगतं, तर वरून येतं. मी वर बघितलं. वर झालरीचा मंडप होता.

निघताना डॉक्टर गाडीपाशी आले, तेव्हा मी त्यांना आत्याच्या डागांचं सांगितलं. मघाशी खाली बघणारा माणूस आता नीट बोलला. "पाळी गेल्यावर रक्त दिसत असेल तर शिबिराची वाटच बघू नका. उद्या सकाळी दौंडला सरकारी दवाखान्यात न्या, तिथं लेडी डॉक्टर असतात." हे वाक्य त्यांनी माइकवर म्हटलं असतं तर बरं झालं असतं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते हो म्हणाले.

संध्याकाळी जेवताना मी सुनीलला सगळं सांगून टाकलं. आत्यानं माझ्याकडे रागानं बघितलं. सुनीलनं विचारलं, "मला का न्हाई सांगितलं आई?" ती म्हणाली, "तुला काय सांगायचं आसतं व्हय असलं?" त्याची पोरगी पूर्वा चौदाची आहे, म्हणून लसीचंही काढलं. "नगं, उगं पुढं पोरीला काय झालं तर?" म्हणाला. तो विषय तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी गाडीत चौघं. मी, सुनील, आत्या आणि ऐनवेळी डबा घेऊन आलेली शालनताई. "चाललाच हाय तर मलाबी दावा," म्हणाली. भीमेचा पूल ओलांडला की दौंड तालुका लागतो. गुऱ्हाळं ऐन भरात होती. एका ठिकाणी थांबून गरम काकवी चाखली, गुळाची ढेप घेतली. आत्या इथं पहिल्यांदा हसली. दौंडमध्ये रेल्वेचं फाटक लागलं तर वैतागू नका, लांबच लांब मालगाडी बघायला मिळते, तीही फुकट.

दवाखान्यात केसपेपर फुकट, बाक मोडका, रांग मोठी. पण कपाळ कुणी बघत नव्हतं. लेडी डॉक्टर तुटक बोलणाऱ्या, हात मात्र हलका. शालनताईला आत औषध लावून बघितलं. चायनीजच्या गाडीवर व्हिनेगर असतं ना, त्याच जातीचं. पांढरं काही उमटलं नाही, म्हणजे ठीक. आत्याला बघताना डॉक्टरांचा चेहरा बदलला. तपासणीला तुकडा घेतला आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली.

आत्या पडद्याबाहेर आली. "एवढंच व्हतं व्हय?" म्हणाली. "ह्याच्यासाठी मी दिवाळीपसनं झोपली न्हाई." आणि बाकावर बसून रडली. शालनताईनं तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला. सुनील बाहेर जाऊन उगाच गाडीची काच पुसत राहिला.

पुण्यात निदान झालं. कॅन्सरच, पण सुरुवातीचा. गर्भपिशवी काढली, सरकारी योजनेत सगळं बसलं. सरकारला येतं सगळं, पण बाईनं तीन तालुके ओलांडून त्याला शोधून काढावं लागतं. आता ठरावीक दिवसांनी तपासणी आहे. मध्यंतरी लस आली, तेव्हा सुनीलच पूर्वाला मोटरसायकलवर बसवून टोचून घेऊन आला. त्यानं आधी कुणालाच विचारलं नाही.

आत्याला घरी सोडायला गेले, तेव्हा आप्पा गुच्छ घेऊन आले होते, फोटोग्राफरसकट. पंधरा दिवसांनी वेशीवर बॅनर लागला: "आपल्या शिबिरामुळे कर्करोगावर मात." आप्पा हसरे, शेजारी आत्या. आणि आत्याच्या कपाळावर रुपयाएवढं लालभडक कुंकू. मी आप्पांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो ताई, शुभ कामाचा बॅनर, मोकळं कपाळ बरं दिसत न्हाई."

मला तो बॅनर टराटरा फाडावासा वाटला. आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ दे. ऊन लागून ते बी जाईल."

दौंडची ढेप अजून डब्यात आहे, चहात टाकताना मोडक्या बाकावरची आत्या आठवते. परवा ग्रुपवर नवीन कार्ड आलं. शिबिराचा दुसरा टप्पा, चैत्रातलं हळदी-कुंकू. तेच नऊ फोटो, तेच "समस्त सुवासिनी", आणि कोपऱ्यात लाभार्थी म्हणून कुंकू लावलेली आत्या. लगेच तिचा फोन आला.

"मनू, ये तू. शालन बी हाय, वस्तीवरच्या चौघी-पाच जणी हायेत, आन् माझ्यासारख्या आळीतल्या तिघी. ह्या बारीला फाटकातनंच जायाचं."

"आणि अडवलं तर?"

"तर म्हणीन, बॅनरवर जी बाई हाय ना तुमच्या, तिची तपासणी ऱ्हायलीय."