कालव्याची वाळू

माझे बाबा गावच्या शाळेत शिक्षक होते आणि मी जहाजावर, इंजिनाच्या खोलीत. सुएझ कालव्यातून मी नऊ वेळा गेलो. पाहिला फार तर दोनदा. जहाज कालव्यात असलं की पाळी संपेपर्यंत आम्हाला खालून हलता येत नाही.

बाबांनी तो कधीच पाहिला नव्हता, पण त्यांना तो पाठ होता. इजिप्तच्या शेतकऱ्यांना गावोगावहून धरून आणलं, हातांनी, टोपल्यांनी खणायला लावलं, किती मेले याचा धड पत्ता नाही. पुढे मालकी परक्यांची, पहारा इंग्रजांचा. "छप्पन साली इजिप्तने कालवा ताब्यात घेतला," ते वर्गात सांगत, "आणि त्याच साली आपण धम्म घेतला." त्यांना तिथली मूठभर माती हवी होती, मुलांच्या हातात द्यायला.

ते अवघड नव्हतं. कालव्यात तिथले बोटवाले जहाजावर चढतात. सिगारेटच्या एका पाकिटावर कोणीही पुढच्या खेपेला माती आणून दिली असती. मी मागितलीच नाही. पाळी संपली की झोपायचो.

एका सुट्टीत रत्नागिरीला एसटीतून उतरल्यावर आठवलं. मांडवीची वाळू काळी, ती चालली नसती. म्हणून पुलापलीकडे भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो आणि बाटली भरली.

घरी बाबांनी ती वर्तमानपत्रावर ओतली. चाळताना शिंपल्याचा तुकडा हाताला लागला.

"काय रे, वाळवंटात शिंपले?"

"दोन समुद्रांचं पाणी येतं ना तिथे, बाबा."

"ऐकलंस गो?" ते आईला म्हणाले. "इंजिनात तेल घालणारा आता मला भूगोल शिकवतोय!"

निवृत्त होईपर्यंत दरवर्षी ती बाटली वर्गात फिरली. शिंपल्याची गोष्टही, माझं नाव घेऊन.

गेल्या वर्षी बाबा गेले. पुण्यानुमोदनाला त्यांचा एक जुना विद्यार्थी बोलला. तो आता त्याच शाळेत शिकवतो. ती वाळू मुठीत धरली तेव्हा खणणाऱ्यांचाही इतिहास असतो हे कळलं, म्हणाला. मग माझ्याजवळ आला. "दादा, गुरुजींची बाटली शाळेला द्याल?" आईने ती पदराने पुसून आणली. मी दिली.

गेल्या महिन्यात शाळेत जाऊन त्याला खरं सांगितलं. त्याने कपाटातून बाटली काढली.

"गुरुजींना ठाऊक होतं?"

"नाही."

"मग मी मुलांना काय सांगू, तेही सांगा." त्याने बाटली माझ्या हातात ठेवली आणि वर्गात गेला.

घरी आईला ती पिशवीत दिसली. तिलाही सांगितलं. तेव्हापासून ती माझ्यासमोर बाबांचं नाव काढत नाही.