पाणी फुटल्यावर हात न लावणारी गोदावरी

रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात गोदावरीबाई राऊतांचं नाव काढलं की पाऱ्यातल्या निम्म्या बायकांना आपली पाठ आठवते. बाळंतपणात बाईचा तेलाचा हात फिरला आणि वरून तांब्याभर ऊन पाणी पडलं, की कंबर मोकळी झालीच म्हणून समजा. नवरा रेल्वेत होता, वर्ध्याकडचा. तो तडकाफडकी गेला तेव्हा शेखर सात वर्षांचा आणि लता चारची. पदर खोचून बाईनं बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं काम धरलं आणि त्यावर दोन्ही लेकरं मोठी केली.

बाईचा एक नेम मात्र सगळ्यांना ठाऊक होता. बाळंत झालेल्या बाईला कितीही न्हाऊ घालीन, पण बाळंत होण्याआधी पाणी फुटलेल्या बाईला हात लावणार नाही. लोकांनी त्याचं सोवळंओवळं करून टाकलं. कोणी म्हणे गुरूचा शब्द आहे, कोणी म्हणे नवस. लोकांचं काय जातं हो, हवं ते बोलतात. बाई कोणाचंच खोडून काढत नव्हती, कारण खरं सांगायची तिची छाती नव्हती.

खरं होतं ते मीराचं. दोन गल्ल्या सोडून राहणारी मीरा, पहिलंच बाळंतपण. सकाळी पाणी फुटलं आणि कळा येईनात. गोदावरीला कामाला लागून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झालेली, अंगात जोर भारी. कडुनिंबाचा पाला उकळून तिनं पत्र्याचा टब भरला आणि मीराला कमरेइतक्या पाण्यात बसवलं. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा, त्याच पाण्यात. कळा आल्या दुसऱ्या दिवशी, तापासकट. लेकरू जन्मलं तेच फणफणत, आणि चौथ्या दिवशी गेलं. बायका म्हणाल्या नजर लागली. गोदावरीनंही मान हलवली. त्या मान हलवण्याची तिला वीस वर्षं लाज वाटत होती.

मधल्या काळात नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं. शेखर सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात लागला आणि सून आली ती सरकारी कचेरीतली. विनीता इथलीच, तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर देताना निम्मं हिंदीत जायची. तिला नववा पुरा झाला, आणि मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी दहाला ओट्यापाशी उभ्या उभ्या तिचं पाणी फुटलं.

शेखर ड्युटीवर, यायला तासभर तरी हवा. विनीतानं समता कॉलनीतल्या दवाखान्यात फोन लावला. सिस्टरनं एकेक विचारलं: पाण्याचा रंग काय, वास येतो का, ताप आहे का, रक्त जातंय का, बाळ हलतंय का. पाणी स्वच्छ होतं, बाळही हलत होतं. मग नवरा आला की निघा, म्हणाली, आणि तोवर आंघोळ करायची तर करा. हिरवट पाणी किंवा रक्त दिसलं तर मात्र आंघोळ टाकून तशाच या.

घामानं चिंब झालेल्या विनीताला आंघोळच हवी होती. गोदावरी साफ नाही म्हणाली. ओल्या फडक्यानं पूस, पण पाणी नको. विनीता बघतच राहिली. अख्ख्या पाऱ्याला न्हाऊ घालणारी बाई घरच्या सुनेला तांब्याभर पाणी देईना. तिनं वाद घातला नाही, कमरेवर हात ठेवून स्वतःच बादली उचलायला वाकली.

तेव्हा गोदावरीचा जीव वरखाली झाला. पोट्टी ओल्या फरशीवर घसरली म्हणजे? तिनं बादली काढून घेतली, फोन लावायला सांगितला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सिस्टरला एवढंच विचारलं, की पाण्यानं काय होते. सिस्टरनं नीट समजावलं. पिशवी फुटली की बाळाभोवतीचा आडोसा जातो. अशात साचलेल्या पाण्यात तासन्‌तास बसलं तर घाण आत चढू शकते. उभ्यानं किंवा स्टुलावर बसून वरून पाणी घेतलं तर ते वाहून जातं, भीती नाही. कढत नको, कोमट हवं. आत बोट नाही की साबण नाही. आणि जवळ कोणीतरी पाहिजे.

गोदावरीनं फोन खाली ठेवला. म्हणजे पाणी वाईट नव्हतं. बसवलं, ते वाईट होतं.

मग तिनं बादली घासली, तांब्या घासला, पाण्यात कोपर बुडवून पाहिलं. सुनेला स्टुलावर बसवलं आणि पाठीवरून पाणी सोडलं. कळ आली की विनीता सासूचा खांदा धरायची, बाई थांबायची, कळ ओसरली की पुन्हा ओतायची. प्रत्येक तांब्यासरशी वाहून जाणाऱ्या पाण्याचा रंग ती बघत होती. शेवटपर्यंत स्वच्छ होता.

"अच्छा लग रहा है, आई," विनीता म्हणाली. बाईला रडूच आलं, पण पाण्यात ते कोणाला कळतंय.

शेखर आला, दवाखाना गाठला, संध्याकाळी मुलगी झाली. दोघी ठणठणीत.

बाराव्या दिवशी बारशाचं बोलावणं घेऊन गोदावरी मीराच्या दारात उभी राहिली. बोलावणं बाजूलाच राहिलं.

"मीरा, तुझं लेकरू नजरेनं नव्हतं गेलं. मी तुले त्या टबात बसवलं होतं."

मीरा तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"मले माहीत आहे, मावशी. लेकरू दाखवलं त्या डॉक्टरीणबाईनं तेव्हाच सांगितलं होतं, त्यानंच झालं असंल म्हणून."

"मग बोलली काहून नाही?"

"बोलली असती तर पाऱ्यात कोणी बोलावलं असतं तुमाले? मी लक्ष ठेवून होती. पुन्हा एकीलेही टबात बसवलं असतं, तर चौकात उभं राहून सांगितलं असतं. तुम्ही नाही बसवलं." मीरानं सरकून चटईवर जागा केली. "माझं तर गेलंच होतं. म्हटलं, तुमची दोन तरी पोटभर जेवतील."