रेनोकाकांचा नवा ट्रॅक्टर

सुपीरियर सरोवराकाठच्या आमच्या वाटेवर नऊ घरं, आणि नऊही दारांतला बर्फ काढणारे एकटे रेनोकाका. बर्फ उडवणारा ब्लोअर ट्रॅक्टरच्या मागे जोडलेला, म्हणून सगळं काम रिव्हर्समध्ये, मान मागे वळवून. तीसेक हिवाळे असं केल्यावर त्यांची मान उजवीकडेच राहिली. चर्चमध्ये पाद्री समोर बोलतो आणि काका खिडकीबाहेर बघतात. नाही म्हणणं त्यांना कुणी शिकवलंच नाही. कुणी वेलचीचा पाव पुढे केला की "कशाला उगाच" म्हणत घ्यायचे आणि पुढच्या बर्फाला पुन्हा हजर.

यंदा पानगळीत त्यांच्या ट्रॅक्टरचं इंजिन कायमचं बंद पडलं. आम्ही धावत गेलो, तर काका पायरीवर कॉफी पीत बसलेले. इतकं निवांत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"दुसरा घेऊ की, काका," मी म्हणालो.

"कुठला मिळतोय! ब्लोअर चाकांपेक्षा रुंद हवा, नाहीतर चाकं बर्फावर चढतात. तो फिरवण्याइतकी ताकद हवी. मागचं वजन उचलताना ट्रॅक्टरचं नाक वर जाता कामा नये. आणि रिव्हर्स अगदी मुंगीच्या पावलांनी. जाऊ दे रे, नाही जमायचं."

"जाऊ दे" तेवढं सोडून आम्ही बाकीचं सगळं नीट ऐकलं. वर्गणी काढली, आसपासच्या गावांतले गोठे धुंडाळले, आणि पहिला बर्फ पडला त्याच दिवशी ट्रॅक्टर काकांच्या दारात आणून उभा केला. नाकावर वजनंसुद्धा लावलेली. माझी बायको हेल्मी तर टाळ्या वाजवत होती.

काकांनी स्वतः ब्लोअर जोडला. टेप लावून रुंदी मोजली, ब्लोअर फिरवणारा शाफ्ट तपासला, परत तपासला. बोट ठेवायला कुठे जागा नव्हती.

"काय काका, जमलं ना?"

"जमलं." ते सीटवर चढून बसले. फार थकलेले दिसले. "यंदा जरा समोर बघत बसायचं होतं रे मला."

हेल्मीच्या टाळ्या थांबल्या. काका आमच्याकडे बघत राहिले. "मग राहू द्या," एवढंच कुणीतरी म्हणायचं होतं. कुणी म्हणालं नाही. मीही नाही, वाऱ्यामुळे सगळ्यांत जास्त बर्फ माझ्याच दारात साचतो.

"पहिलं कुणाचं करू?" काकांनी विचारलं.

"आमचं," हेल्मी हळूच म्हणाली.