पाळी बदलून मिळालेली पदवी

मसाटच्या सूत कारखान्यात मी नुकताच लागलो होतो. खोक्यांच्या आड बसून बी.कॉम.चं गाईड वाचत असताना विभागप्रमुख पिंगळेसाहेब समोर येऊन उभे राहिले. नोकरी गेली, असंच मी धरून चाललो. साहेबांनी गाईड हातात घेतलं, चाळलं आणि विचारलं, "परीक्षा कधी आहे?" ही आमची पहिली ओळख.

साहेबांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी मी चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा फाडलं. आमची पिढी कष्टाने शिकली, साहेबांनी आम्हांला घडवलं, असं छान जमून यायचं आणि माझं मलाच ते टोचायचं. का, ते सांगतो.

साहेब मूळचे नाशिकचे. एका कंत्राटदाराकडे नकाशे गिरवून त्यांनी स्वतःच्या इंजिनीअरिंगची फी भरली होती. म्हणूनच असेल, शिकणाऱ्या कामगारांसाठी त्यांनी एक रीत पाडली. परीक्षेच्या दिवसांत आमची पाळी दुसऱ्याने करायची आणि त्याच्या सणाची पाळी आम्ही करायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे खानदेशी गावी जात आणि मी मशीनवर असे. "आखाजीले बी नही येवाव का रे तू?" आई फोनवर विचारायची. मी काहीतरी थाप मारायचो. अशा तीन आखाज्या गेल्या.

एकदा माझ्या जागी येणारा ऐन पेपरच्या सकाळी तापाने फणफणला. मी वापीला परीक्षा देत होतो, मला पत्ताच नव्हता. संध्याकाळी कळलं की आठही तास साहेब स्वतः माझ्या मशीनवर उभे होते. बोटं सुताने कापली होती. भेटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "पेपर कसा गेला?"

माझ्या मुक्ताला यंदा नाशिकला इंजिनीअरिंगची जागा मिळाली. हे कळताच गेल्या रविवारी साहेब पेढे घेऊन आमलीतल्या आमच्या घरी आले.

"कसलं नाशिक, साहेब!" मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो. "इथेच सायली गावातल्या एका लॅबमध्ये कामाला लावतोय तिला. शिकेल बाहेरून, मी शिकलो तशी."

साहेबांचा चेहरा उतरला. "जगदीश, इंजिनीअरिंग बाहेरून होतं का? आणि ही पोर वर्षभर राबली तरी आज एका वर्षाची फी निघेल का? आपली फी आवाक्यात होती, म्हणून जमलं रे. आपण फार शूर होतो असं कुणी सांगितलं तुला?"

"आजोबा, मी पप्पांना हेच सांगतेय," मुक्ता म्हणाली. "ते म्हणतात, हल्लीच्या पोरांना सगळं आयतं लागतं."

मला राग आला. माझ्या तीन आखाज्यांची किंमत शून्य? मी तसं बोलूनही दाखवलं. साहेब म्हणाले, "तुझ्या जागी कुणीतरी उभं राहिलं होतं. तिच्या जागी कोण उभं राहणार आहे?"

त्या दिवसापासून धड झोप नाही. कष्टाचा गर्व करता करता मी पोरीची वाट अडवून बसलो होतो, आणि हे कळायला पंचाहत्तरीच्या माणसाला तीन जिने चढून यावं लागलं, याची लाज वाटते.

प्रवेशाची मुदत शुक्रवारी संपते. उद्या सकाळी बँकेत शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर मुक्ताच्या सहीखाली माझी सही व्हायची आहे. आमच्या घरात आजवर कुणी बँकेची पायरी कर्जासाठी चढलेलं नाही. तरी मी जाणार आहे.

कर्ज फिटायला दहा वर्षं लागतील म्हणतात. साहेबांना तेवढी तरी वर्षं, आणि त्यापुढचीही भरपूर, ठणठणीत प्रकृतीने लाभोत. हे मागणं निःस्वार्थी नाही, हे मी कबूल करतो. एखाद्या हप्त्याला माझा धीर सुटला, तर घरी येऊन मला खडसावेल असं दुसरं माणूस मला नाही.